ईसीयूचं वायरिंग : मॅपला हात लावण्याआधी

प्रश्न : जुन्या एस्टीममध्ये स्टँडअलोन ईसीयू (म्हणजे कंपनीच्या ऐवजी बसवलेला, स्वतः ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवला आहे. सेल्फ मारत राहिलं तर इंजिन घेत नाही, पण चावी सोडली की त्याच क्षणी कधीकधी सुरू होतं. बॅटरी नवी आहे. (एक वाचक, कोथरूड)

ईसीयूचा चावीवरचा सप्लाय बहुधा म्युझिक सिस्टिमच्या वायरवरून घेतलेला आहे. सेल्फ मारताना चावीचा स्विच ॲक्सेसरीची लाइन मुद्दाम तोडतो, म्हणजे बॅटरीची ताकद स्टार्टरला मिळते. तेवढा वेळ ईसीयू बंदच असतो. चावी सोडल्यावर तो जागा होतो आणि इंजिन अजून फिरत असलं तर घेतं.

स्टिअरिंगखालच्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटर लावा आणि 'ऑन' व 'स्टार्ट' या दोन्ही जागी सप्लाय टिकणारी इग्निशनची वायर शोधा. त्या वायरवर फक्त मेन रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ८६ नंबरची पिन चालवा, ८५ अर्थला द्या. ईसीयू स्वतः मेन रिले सांभाळत असेल तर जोडणी त्याच्या मॅन्युअलप्रमाणे करा. बॅटरीची थेट वायर ३० ला आणि ८७ वरून वेगवेगळ्या फ्यूजमधून ईसीयू, इंजेक्टर आणि कॉइल. इंजेक्टरला १० अँपिअर, कॉइलला १५ पुरतात.

पेट्रोल पंपाचा रिले मात्र ईसीयूच्या पंप आउटपुटवरच ठेवा. तो थेट चावीवर जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. यात तडजोड करू नका.

प्रश्न : रेडिएटरचा पंखा लागला की लॅपटॉपवर कूलंटचं तापमान चार-पाच अंशांनी खाली सरकतं. शिवाय ४,५०० आरपीएमच्या पुढे इंजिन मिसिंग करतं. ट्यूनर म्हणतो, मॅप बदलू. (एक वाचक, भोसरी)

मॅप, म्हणजे ईसीयूमधले पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते, अजिबात बदलू नका. ही दोन्ही दुखणी वायरिंगची आहेत, मॅपने ती फक्त झाकली जातील.

आधी तापमान. कूलंट सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. ईसीयू त्याला आतून ५ व्होल्ट देतो आणि उरलेला व्होल्टेज वाचतो. गरम इंजिनात ५०-६० मिलीव्होल्टचा फरक म्हणजे चारेक अंश. सेन्सरची परतीची वायर बॉडीला आवळली असेल, तर पंख्याचा करंट त्याच पत्र्यातून जाताना एवढा फरक सहज पडतो. ईसीयूला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. कूलंट, हवेचं तापमान, थ्रॉटल आणि मॅप सेन्सर (हा मॅप वेगळा : इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) या सगळ्यांच्या परतीच्या वायरी ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनवरच आणा. ही पिन बॉडीला जोडायची नाही. ईसीयूचे पॉवर अर्थ वेगळे : ते सिलिंडर हेडवर किंवा ब्लॉकवर, रंग खरवडून, एकाच बोल्टखाली. ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड केबल हवी.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, पंखा आणि हेडलाइट चालू. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक ईसीयूच्या पॉवर अर्थ पिनवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पुन्हा करा.

आता मिसिंग. संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात मोजून ईसीयूला इंजिनची जागा सांगणाऱ्या सेन्सरवर. तो दोन वायरचा, चुंबक-कॉइलचा असेल तर त्याची दिशा महत्त्वाची. उलटा जोडला तरी कमी आरपीएमवर इंजिन बऱ्यापैकी चालतं, पण ईसीयू दात ओळखतो तो सिग्नलच्या चुकीच्या कडेवर, आणि आरपीएम वाढला की टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकतं किंवा सिंक (ईसीयूचा इंजिनच्या फिरण्याशी मेळ) तुटतो. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट लावा आणि हळूहळू ४,००० पर्यंत न्या. पुलीवरची खूण जागची हलता कामा नये. हलली तर सेन्सरच्या दोन वायरी आपसांत बदला आणि बेस टायमिंग नव्याने जुळवा.

खूण स्थिर राहूनही मिसिंग असेल तर नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा विजेचा गोंधळ, शोधा. क्रँक सेन्सरच्या शील्डेड केबलची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायची, दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच करंट वाहतो. ही केबल कॉइलच्या वायरींबरोबर एका नळीत बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. स्पार्क प्लग रेझिस्टरचेच वापरा.

प्रश्न : चावी ऑन करून अर्ध्या मिनिटात कॉइलला हात लावता येत नाही. (एक वाचक, हडपसर)

ताबडतोब कॉइलचे कनेक्टर काढा. इग्निशन आउटपुटची सेटिंग उलटी आहे, म्हणून इंजिन थांबलेलं असतानाही कॉइल चार्ज होते आहे. कॉइल प्रत्येक ठिणगीआधी साधारण ३ मिलिसेकंदच चार्ज व्हायला हवी. इथे प्रायमरी (कॉइलचं सप्लायकडचं वेटोळं) अर्धा ओहम असेल तर १२ व्होल्टला २४ अँपिअर, सतत. कॉइलमध्येच इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर ईसीयूचं इग्निशन आउटपुट आणि अर्थ यांच्यामध्ये एक एलईडी, सोबत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. चावी ऑन असताना तो विझलेला हवा. तसा दिसेपर्यंत कॉइल जोडू नका.

प्रश्न : आरटीओची अडचण येते का? (एक वाचक, पिंपरी)

येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बदलांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी आरटीओत विचारा. फक्त ट्रॅकची गाडी ट्रेलरवरून न्या.

प्रश्न : तापकीर गल्लीतून घरगुती वायर आणून हार्नेस (वायरींचा जुडगा) केला तर चालेल? सोल्डर करू की क्रिम्प? (एक वाचक, सिंहगड रोड)

घरगुती वायर नको. तिचं पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांसाठी असतं, बॉनेटखाली ते कडक होऊन तडकतं. १०५ अंशांची ऑटोमोटिव्ह वायर मागा : सेन्सरला ०.५ चौरस मिलिमीटर, इंजेक्टरला ०.७५ ते १, पंप आणि रिलेला २.५. टर्मिनलला क्रिम्पच करा (म्हणजे टर्मिनल वायरीवर दाबून बसवा), तेही त्या टर्मिनलच्या योग्य टूलने, आणि प्रत्येक वायर ओढून बघा. सोल्डर तारांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथेच वायर कंपनाने तुटते.

पावसाळ्यासाठी ईसीयू केबिनमध्ये, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवा. सीलबंद कनेक्टरच्या रिकाम्या पिनांत रबरी बुचं घाला. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ग्रोमेटमधून, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यातून, आत जाण्याआधी हार्नेसला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल.