एचआरटी सुरू केली तर हिरड्यांतून येणारं रक्त थांबेल का?

प्रश्न असा आहे: वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. गरम वाफांसाठी डॉक्टर एचआरटी (पाळी गेल्यावर कमी झालेल्या हार्मोनची भरपाई करणारं औषध) सुचवतायत. ब्रश करताना रक्त येतं, तेही त्याने थांबेल का? क्लीनिंग करून दात हलायला लागतात असं सासूबाई म्हणतात, म्हणून तेवढं टाळलंय.

ताई, एचआरटीकडे येतो, पण आधी सासूबाईंचं वाक्य. मी हिरड्यांचं काम करतो आणि गिरगाव असो की बोरिवली, हे एक वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही.

क्लीनिंगने दात हलत नाहीत. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघा. खरखरीत सलग पट्टी लागली तर ते कीटण. आत हाड झिजून दात सुटे झाले असतील तर ही पट्टी त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. ती काढली की आधीपासूनच हलत असलेला दात हलताना दिसतो आणि आळ क्लीनिंगवर येतो. त्यात सुजलेली हिरडी सूज उतरून आकसते, मुळं उघडी पडतात, दोन आठवडे गार पाणी झोंबतं, दातांत फटी दिसतात. फट नवी नसते, तिथे कीटण भरलेलं होतं इतकंच.

लालबागच्या एका बाईंचं उदाहरण देतो. वय ५६, हाडांसाठी आणि ‘हिरड्यांनाही बरं’ म्हणून दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या चालू. रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या उत्तम, अशी घरच्यांची खात्री. प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) घातला तर वरच्या पुढच्या दातांना ७ मिमी पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांमधली खोल फट. रक्त का येत नव्हतं? दिवसातून दोनदा मशेरी. तंबाखू हिरडीतला रक्ताचा पाझर कमी करतो, सूज झाकतो आणि आत हाड जात राहतं. मशेरी बंद केली, बधिर करून दोन बैठकांत मुळांपर्यंत सफाई केली, आठ आठवड्यांनी ७ चे ४ झाले. सफाईच्या आठवड्यात गोळ्यांचा डोस कुणी वाढवला नव्हता. तरी जाऊबाई म्हणाल्याच, ‘दातांत फटी पाडल्या.’

आता एचआरटी. हिरडी, दाताभोवतीचे तंतू आणि जबड्याचं हाड, तिन्हीकडे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा संदेश घेणारे रिसेप्टर असतात. पाळी गेल्यावर हिरडीचा थर पातळ होतो, काहींची लाळ कमी होते, हाड लवकर झिजतं. म्हणून पूर्वी खपून जाणारा प्लाक (दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर) आता जास्त सूज आणतो. पण सूज आणतो तो प्लाकच. एचआरटी घेणाऱ्या बायकांचे दात जास्त टिकल्याचं काही पाहण्यांत दिसलंय. मात्र ज्या बाया एचआरटीसाठी डॉक्टरकडे जातात, त्या दातांच्या डॉक्टरकडेही जास्त जातात, हा गोंधळ त्या आकड्यांतून निघत नाही. निव्वळ हिरड्यांसाठी एचआरटी घेऊ नये, आणि कुणी तशी दिली तर ते चूक आहे, असं माझं स्पष्ट मत.

वाफांसाठी मात्र जरूर विचार करा. २००२ साली अमेरिकेत एचआरटीवरच्या मोठ्या डब्ल्यूएचआय चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला म्हणून मध्येच थांबवला गेला आणि सगळ्या घाबरल्या. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास होत असेल तर बहुतेकींना फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार, अंगावरून अकारण रक्त जाणं यांपैकी काही असेल तर नाही. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा. दातांच्या डॉक्टरने ‘बंद करा’ म्हटलं तर ऐकू नका.

तुम्ही करायचं ते असं. पॉलिश करून घरी पाठवणारं क्लीनिंग नको. प्रत्येक दाताला सहा जागी पॉकेट मोजून मागा. ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल आणि मोजताना रक्त येत असेल तर खोल सफाई. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं; तेव्हाही ६ किंवा जास्त राहिलं तर फ्लॅप सर्जरीचा (हिरडी उघडून आत सफाई) विचार. पुढे दर तीन महिन्यांनी देखभाल, सहा नव्हे. खर्च अडत असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत, आणि फटींत इंटरडेंटल ब्रश. तो फटीत नीट बसला पाहिजे, कोंबावा लागता कामा नये. गुळण्यांसाठी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन १० मिली दिवसातून दोनदा, फार तर दोन आठवडे, पेस्टनंतर अर्धा तास सोडून. नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक त्याला निकामी करतो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात.

हे सगळं रक्त प्लाकमुळे आहे असं धरून लिहिलंय. हिरडी लालभडक असेल, तिची सालं निघत असतील, तिखटाने आग होत असेल तर तो लायकेन प्लॅनस (त्वचेला आणि तोंडाला होणारा दाहाचा आजार) असू शकतो. तो सफाईने जात नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर हिरडी फुगू शकते, तेही सांगा. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी) करून घ्या.

आणि ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची ७० मिग्रॅची गोळी (अलेंड्रोनेट) किंवा इंजेक्शन सुरू व्हायचं असेल तर काढायचे दात आधी काढून घ्या, नंतर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. हाडांसाठीच डेनोसुमॅबचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढायचाय म्हणून परस्पर पुढे ढकलू नका. ते चुकलं की मणके मोडण्याचा धोका असतो. तारीख दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायची.