ऑक्टेव्हमध्ये इफ लावूनही व्हेक्टर का बदलत नाही?

तुमचा प्रश्न असा की ऑक्टेव्हमध्ये (गणितं आणि ग्राफ करायचं सॉफ्टवेअर) हाफ वेव्ह रेक्टिफायरचा, म्हणजे वेव्हचा निगेटिव्ह अर्धा भाग कापणाऱ्या सर्किटचा, ग्राफ काढायचाय, साइन वेव्हचा व्हेक्टर (आकड्यांची रांग) एक्स घेतला, खाली 'इफ एक्स < ०' मग 'एक्स = ०' मग 'एंड' लिहिलं, तरी खालचा अर्धा भाग जसाच्या तसा दिसतोय आणि एररही येत नाही.

एरर येत नाही हीच खरी डोकेदुखी आहे. मी फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये टेंपरेचरच्या रीडिंग्जवर अगदी हेच केलं होतं, दोन दिवस सेन्सर बदलून बघितले, वायरी तपासल्या, आणि चूक निघाली इफच्या ओळीत.

आपण सी ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकून येतो, तिथे इफला एकच किंमत मिळते. इथे तुम्ही अख्खा व्हेक्टर देताय. समजा एक्स = [-२ ३ -१ ५] आहे, तर 'एक्स < ०' चं उत्तर येतं १ ० १ ० (१ म्हणजे खरं, ० म्हणजे खोटं). आता इफने यातलं कुठलं धरायचं? ऑक्टेव्ह आणि त्याच्यासारखंच सॉफ्टवेअर मॅटलॅब, दोघांचा नियम असा की सगळेच्या सगळे १ असतील तरच इफ खरा, एक जरी शून्य आला तरी खोटा. साइन वेव्हमध्ये पॉझिटिव्ह किमती असणारच, म्हणून तुमचा इफ आत शिरतच नाही, गपचूप पुढे जातो.

इथे इफ काढूनच टाका आणि एवढंच लिहा: एक्स(एक्स < ०) = ०; म्हणजे जिथे जिथे १ आलाय तेवढ्याच जागा शून्य होतात, बाकीच्यांना हात लागत नाही. फॉर लूप लावून एकेका एक्स(आय) वर इफ चालवलात तरी उत्तर बरोबरच येईल, नवीन असताना तसं करायला काहीच हरकत नाही, फक्त लाखभर सॅम्पल असतील तर ऑक्टेव्हमध्ये चांगलंच रेंगाळतं.

अजून एक, कारण पुढच्या प्रॅक्टिकलला हे येईलच. रेंज तपासताना '२ < एक्स < ५' लिहू नका. एक्स ९ असला तरी आधी २ < ९ चं उत्तर १ येतं, मग १ < ५ बघितलं जातं, तेही खरं, म्हणजे ही अट कधी खोटी होतच नाही आणि इथेही एरर येत नाही. (एक्स > २) & (एक्स < ५) असं लिहा, व्हेक्टर असेल तर & एकदाच, दोनदा && फक्त एकेकट्या किमतींसाठी.

आणि अट लिहिली की आधी ती एकटीच, शेवटचा सेमीकोलन न देता, चालवून बघा, १ आणि ० कुठे येतायत ते लगेच समोर दिसतं.