इंग्लंड आणि अमेरिका: भाषा एकच, मग राहण्यात फरक तो काय?

तुम्ही विचारलंय की कंपनी इंग्लंड किंवा अमेरिका दोन्हीकडे पाठवायला तयार आहे, बायको आणि लहान मुलगी बरोबर येणार, दोन्हीकडे इंग्लिशच बोलतात तर रोजच्या जगण्यात असा कितीसा फरक पडणार. पडतो हो, भरपूर पडतो. आम्ही आधी इंग्लंडमधे रेडिंगला होतो, मग न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला आलो, त्यामुळे जे लिहितेय ते या दोन जागांवरून, टेक्सासवाले किंवा स्कॉटलंडवाले वेगळं सांगतील.

माझ्या मते इंग्लंडमधे व्यवहार सोपे आणि माणसं अवघड, आणि अमेरिकेत बरोब्बर उलटं.

पैशाचंच बघा. इंग्लंडमधे दुकानात पाटीवर जी किंमत तीच काउंटरवर द्यायची, २० टक्के व्हॅट लागत असला तर तो त्यातच धरलेला. अमेरिकेत पाटीवरचा आकडा म्हणजे नुसती सुरुवात. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, तो वरून लागतो, पण कपड्यांवर नाही, बहुतेक किराण्यावर नाही, हॉटेलच्या जेवणावर आहे, आणि नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की नियम परत वेगळे. त्यावर टिप. म्हणजे ५० डॉलरचं जेवण झालं की ३ डॉलर ३१ सेंट टॅक्स, २० टक्क्यांनी १० डॉलर टिप, झाले ६३ च्या वर. आणि ही टिप म्हणजे खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही बरं का, वेटरच्या पगाराचा भाग आहे तो, कारण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यावेत हा केंद्र सरकारचा आकडा १९९१ पासून हललेलाच नाही (बरीच राज्यं आपापलं वाढवून देतात, न्यू जर्सी पण देतं). आता तर नुसती कॉफी हातात घेतली तरी काउंटरवरचा माणूस टिपचा स्क्रीन आपल्याकडे वळवतो, १८, २०, २२ टक्के, आणि मागे रांग उभी. इंग्लंडमधे बऱ्याच ठिकाणी १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच लावून आणतात, काढा म्हटलं तर काढतातही, पण म्हणायची हिंमत कोणात असते!

पबात मात्र वेगळीच भानगड. बहुतेक पबात ड्रिंक मागायला काउंटरलाच जायचं आणि मुख्य म्हणजे राउंड असतो, पाच जण गेले की एकजण उठून पाचही जणांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. कोणी लिहून ठेवत नाही, पण कोणी पाळी चुकवली हे अख्ख्या टीमच्या लक्षात राहतं. तुम्ही नुसता ऑरेंज ज्यूस पीत असलात तरी तुमची पाळी तुम्हाला आहेच. आणि हे तोंडाने सांगणार कोणी नाही, तीच तर इंग्लंडची खोड आहे. मॅनेजर म्हणाला की छान आहे, फक्त जमलं तर एकदा परत नजर टाकशील का, की समजायचं सगळं नव्याने करायचंय. ट्रेनमधे रोज समोर बसणारा माणूस वर्षभराने फार फार तर मान हलवतो, पण तोच शेजारी निघाला तर तुमचं पार्सल न सांगता आठवडाभर सांभाळून ठेवेल. अमेरिकेत रांगेत उभी असलेली बाई तुमच्या कुर्त्याचं कौतुक करून तीन मिनिटांत स्वतःच्या घटस्फोटापर्यंत पोचते, आणि परत कधी दिसत नाही. पण काही अडलं की विचारलं आणि सांगितलं, लाजायचं काम नाही, नवीन माणसाला ते फार बरं पडतं.

दवाखान्याचं नीट वाचा, मुलगी लहान आहे म्हणून. एनएचएस, म्हणजे इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा, फुकट म्हणतात, पण आपल्यासारख्यांकडून व्हिसाबरोबरच मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड सरचार्ज आधीच घेतात. पण नंतर डॉक्टरकडे पाकीट काढायला लागत नाही, लहान मुलांना औषधंही फुकट. त्रास असतो तो थांबण्याचा. बऱ्याच ठिकाणी सकाळी ८ ला जीपीचा (म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरचा) फोन सुरू होतो आणि सव्वाआठला आजच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात, आणि मिळालीच तर पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा. अमेरिकेत अर्जंट केअरला गेलात की डॉक्टर लगेच बघतो, तपासण्याही करतो, आणि बिलं नंतर घरी येतात, अनेकवचनी, दवाखान्याचं वेगळं, लॅबचं वेगळं. वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत बराचसा खर्च तुमचाच, त्याला डिडक्टिबल म्हणतात, मग पुढे इन्शुरन्स. डॉक्टर तुमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधे आहे का हे आधी विचारायचं, नंतर नाही. ऑफर लेटर आलं की पगाराच्या आधी इन्शुरन्सचं पान वाचा.

सुट्ट्या: इंग्लंडमधे पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस भरपगारी रजा कायद्याने (बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, त्यात धरू शकतात). अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने एकही नाही, कंपनी देईल तेवढी.

घरातलं थोडं सांगते, ते कोणी लिहित नाही. आपला भारतातला मिक्सर इंग्लंडमधे नुसता ॲडाप्टर लावून चालतो, तिथेही २३० व्होल्ट. अमेरिकेत १२०, त्यामुळे तो बिचारा नुसता कण्हतो आणि ओल्या खोबऱ्याची चटणी काही वाटून होत नाही, तिथल्या व्होल्टेजचा वेगळा घ्यावा लागतो. तेच किटलीचं, इंग्लंडमधे दोन कप पाणी मिनिटभरात खळखळतं, इथे दुप्पट वेळ, म्हणून कित्येक अमेरिकन चक्क मायक्रोवेव्हमधे पाणी तापवून चहा करतात. उलट अमेरिकेत घरं मोठी, फ्रिज कपाटाएवढा, ड्रायरमधून कपडे गरम गरम बाहेर. इंग्लंडमधे वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात आणि ओले कपडे हॉलमधे रॅकवर, हिवाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत, खिडक्या घामेजतात, कोपऱ्यात बुरशी धरते.

आणि गाडी. रेडिंगला मी दूध, भाजी, लायब्ररी सगळं चालत करायचे, मुलांना शाळेत पायी सोडणारे आईबाप रस्त्याने दिसायचे. इथे शाळेची पिवळी बस आहे, ती थांबली की मागचा पुढचा ट्रॅफिक थांबतो, ते कौतुकास्पदच आहे, पण दुधाला जायचं तर किल्ली घ्या, कारण कित्येक रस्त्यांना फुटपाथच नाही. वहिनी गाडी चालवतात का? इंग्लंडमधे आपल्या लायसन्सवर पहिले १२ महिने चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच. शिवाय तिथे डिपेंडंट व्हिसावर त्यांना नोकरी करता येते. अमेरिकेत एल वनवर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) येणार असाल तर येते, एच वनवर (नेहमीचा नोकरीचा व्हिसा) आलात तर सुरुवातीची बरीच वर्षं नाही, आणि गाडी येत नसेल तर ती वर्षं घरात बसून काढायला लागतात. कंपनी कुठला व्हिसा देतेय ते आधी कळवा, मग पुढचं बोलू.