जुनी ट्रोलिंग मोटर फक्त पाचव्या वेगावर चालते. पहिले चार वेग परत मिळवता येतील का?

तुम्ही लिहिले आहे की मिनेसोटातील तुमच्या घराच्या आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये ठेवून दिलेली १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे लहान होडी सावकाश हाकण्याची विजेची मोटर, पाचव्या वेगावर जोरात चालते, पण एक ते चार या वेगांवर पंखा हलतही नाही आणि मागे जातानाही कमी वेग मिळत नाही. अशी मोटर दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न आहे. निश्चित अर्थ आहे. पाचव्या वेगावर ती पूर्ण जोराने चालते, याचाच अर्थ आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा), त्याला वीज पोचवणारे कार्बन ब्रश, चुंबक आणि मुख्य वायर शाबूत आहेत. बिघाड फक्त वेगनियंत्रणात आहे आणि तो एक तर वरच्या स्विचमध्ये असणार, किंवा खाली पाण्यात बुडणाऱ्या नळकांड्यातील रोधक कॉइलमध्ये. माझा आग्रह एवढाच आहे की यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे वरूनच तपासून नक्की झाल्याशिवाय ते नळकांडे उघडू नका.

या मोटरची रचना मुळात फार सरळ आहे. १९३४ साली नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचा स्टार्टर वापरून अशी मोटर बनवली, त्यातूनच मिन कोटा ही कंपनी उभी राहिली, आणि तुमच्याकडच्या मोटरचे तत्त्वही तेच, ब्रशवर चालणाऱ्या डीसी मोटरचे आहे. पाच वेगांच्या जुन्या मोटरमध्ये पाचव्या वेगाला बॅटरी थेट मोटरला जोडली जाते. त्याखालच्या वेगांना मात्र विद्युतप्रवाह जाड तारेच्या रोधक कॉइलमधून फिरवून नेला जातो, त्यामुळे मोटरला कमी व्होल्टेज मिळते आणि उरलेली ऊर्जा कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाते. समजा, एखाद्या मधल्या वेगाला ८ अँपिअर प्रवाह वाहतो आहे आणि मोटरला ६ व्होल्ट मिळत आहेत. मग उरलेले ६ व्होल्ट कॉइलवर पडतात आणि तिच्यात ४८ वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता तळ्याच्या पाण्याने ओढून घ्यावी म्हणून कॉइल खालच्या नळकांड्यात बसवलेली असते. पंख्यात पाणवनस्पती किंवा गळाचा तंगूस गुंतून पंखा अडकला, तर त्याच कॉइलमधून १४ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि उष्णता तिप्पट होते. जुन्या मोटरमधील कॉइल बहुतेक अशाच जळतात.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी सोडवा आणि पंखा काढून ठेवा. पंखा काढल्यावर दांड्यावर तंगूस गुंडाळलेला आहे का ते पाहा. असल्यास तो एकूण एक काढून टाका, कारण तो सीलमध्ये शिरून ते कापतो. मग वरच्या डोक्याचे झाकण उघडा आणि कोणतीही वायर हलवण्याआधी स्वच्छ उजेडात सर्व बाजूंनी फोटो काढा. वायरच्या रंगांवर विसंबू नका, कारण ते मॉडेलप्रमाणे बदलतात आणि जुन्या मोटरला आधी कोणी हात लावला असेल तर त्यांना काहीच अर्थ उरत नाही.

आता स्विचच्या पट्ट्यांवर खोचलेली चपटी टोके एकेक करून नीट पाहा. चांगले टोक पिवळसर चमकते. तापलेले टोक निळसर-तपकिरी पडलेले असते, ढिले असते, आणि त्याच्या मुळाशी वायरचे आवरण कडक होऊन बोटाने दाबताच तडकते. शेजारचे प्लास्टिक वितळून ओघळलेले दिसले तर दोष जवळजवळ सापडलाच. ३० अँपिअर प्रवाह वाहताना एका ढिल्या सांध्यात ०.१ ओहम इतकाच रोध असला तरी तिथे ३ व्होल्ट घटतात आणि ९० वॅट उष्णता होते, यावरून सांध्याच्या स्वच्छतेचे महत्त्व लक्षात यावे. तुमचे चारही वेग एकदम गेले आहेत, तेही दोन्ही दिशांना. त्यामुळे कॉइलला जाणारी एखादी सामाईक वायर किंवा तिचे टोक जळाले असण्याची शक्यता मी सर्वांत आधी तपासली असती.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर स्विचला पूर्णपणे बाजूला ठेवून चाचणी घ्यायची. मोटर क्लँपने घट्ट आवळा. नळकांड्याला वरच्या डोक्याशी जोडणाऱ्या नळीतून वर येणाऱ्या वायर स्विचवरून सोडवा आणि त्यांतील पाचव्या वेगाची धन वायर व ऋण वायर कोणती हे फोटोवरून व स्विचच्या जोडणीवरून ओळखा. बॅटरीपासून येणाऱ्या धन वायरमध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालून या दोन वायरना जोडल्यावर मोटर फिरली पाहिजे. त्यानंतर ऋण वायर तशीच ठेवून धन बाजू एकेका कॉइलच्या वायरला लावा. मोटर फिरली तर कॉइल चांगली आहे आणि दोष स्विचचा किंवा त्याच्या टोकांचा आहे. काहीच झाले नाही तर कॉइल किंवा तिची वायर आत तुटलेली आहे. पंखा काढलेला असल्याने मोटर फारच थोडा प्रवाह घेते, म्हणून वेगांमधला फरक इथे स्पष्ट जाणवणार नाही, आणि त्यावरून कॉइलबद्दल शंका घेऊ नका. खरा फरक पाहायचा असेल तर पंखा बसवून मोटर पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडवून चालवा. मल्टिमीटरने मुख्य धन वायर आणि कॉइलची वायर यांच्यामधला रोधही मोजता येतो, पण तो बहुधा एक ओहमच्या आसपास असतो आणि साध्या मीटरच्या तारांचाच रोध त्यात मिसळतो, म्हणून त्यावरून कॉइल तुटली आहे की नाही एवढेच ठरवा.

स्विच खराब निघाला तर काम सोपे आहे. त्याच रचनेचा स्विच आणा, जळालेली टोके कापून नव्या, जाड मापाच्या लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडणीत) वायर योग्य पक्कडीने दाबून बसवा. पॉलिश पेपरने घासून जुनाच स्विच चालवण्याचा मोह टाळा, कारण ज्या पट्टीची स्प्रिंग तापून मऊ झाली आहे ती पुन्हा पुरेशा जोराने दाबत नाही.

कॉइल गेली असेल, तर मी नवी कॉइल शोधण्याच्या भानगडीत पडणार नाही. खालचे नळकांडे न उघडता मोटर कायमची पाचव्या वेगाच्या जोडणीवर ठेवावी आणि बॅटरी व मोटर यांच्यामध्ये पीडब्ल्यूएम नियंत्रक बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा नियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला सरासरी कमी व्होल्टेज देतो, त्यामुळे ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही. वरच्याच उदाहरणात मोटरला ४८ वॅट लागतात, तर बॅटरीतून ८ ऐवजी साधारण साडेचार अँपिअरच जातात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले, तर सहा तासांच्या जागी अकरा तास मिळतात. पूर्ण वेगाला मात्र याचा काहीही फायदा होत नाही.

नियंत्रक घेताना मोटरच्या कमाल प्रवाहाच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. साधारण ३० पौंड जोराची मोटर ३० अँपिअरपर्यंत घेते आणि ५५ पौंडांची ५० पर्यंत जाते; स्वस्त नियंत्रकावर छापलेला आकडा बहुधा क्षणिक प्रवाहाचा असतो, सलग वापराचा नव्हे. मागे जाण्यासाठी जाड संपर्कांचा दुहेरी उलटसुलट स्विच नियंत्रकानंतर, मोटरच्या बाजूला, घालावा आणि तो वेग शून्यावर आणून पंखा थांबल्यावरच फिरवावा. योग्य मापाचा सर्किट ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ, धन वायरवर हवाच. नियंत्रकातील मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडला तर तो बहुतेक वेळा आतून जोडलेलाच राहतो, म्हणजे बॅटरी लावताक्षणी पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो. म्हणून बॅटरी जोडताना हात आणि दोऱ्या पंख्यापासून लांब ठेवा.

खालचे नळकांडे उघडणे एकाच परिस्थितीत अटळ आहे. सुटी केलेली कोणतीही वायर आणि नळकांड्याचा धातू यांच्यामध्ये मीटर सातत्य, म्हणजे विजेची जोडणी, दाखवत असेल, तर आत पाणी शिरले आहे किंवा जळालेली कॉइल आवरणाला टेकली आहे. अशी मोटर ॲल्युमिनियमच्या होडीवर लावली तर होडीचा पत्राही कुरतडला जाऊ शकतो. तेव्हा नळकांड्याच्या तिन्ही भागांवर आरपार खूण करा, दोन लांब बोल्ट काढा, आणि आर्मेचर चुंबकाच्या ओढीने झटक्यात आत जाऊन ब्रश मोडणार नाहीत याची काळजी घ्या. आतली काळी कार्बनची पूड पुसून काढा, तुटकी कॉइल कापून तिच्या वायरची टोके वेगवेगळी बंद करा, सील आणि ओ-रिंग सरसकट नव्या घाला. जोडून झाल्यावर नळीच्या वरच्या तोंडातून फुंकणीने अगदी हलका दाब देत नळकांडे पाण्यात बुडवून पाहा. दांड्याच्या सीलपाशी किंवा बोल्टच्या डोक्यांशी एकही बुडबुडा दिसला, तर तळ्यावर नेण्याआधी तो सांधा पुन्हा उघडून नीट बसवा.