रेडॉन बॅरियर घालताना शीटपेक्षा सांधे आणि पाइप सांभाळा

तुमचा प्रश्न असा की जोत्याचं काम सुरू होतंय, ओल वर येऊ नये म्हणून स्लॅबखाली प्लास्टिक शीट घालणारच आहात, तर तेवढ्यात रेडॉनचंही (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) काम होईल का. होईल, पण नेहमी घालतात तशी घातली तर नाही. ओलीसाठी शीटवर शीट चढवली की बऱ्यापैकी निभावतं. वायूसाठी प्रत्येक सांधा चिकटवून बंद करावा लागतो.

घरातली उबदार हवा वरून बाहेर पडते, खालच्या मजल्यावर दाब किंचित कमी होतो आणि घर जमिनीतली हवा आत ओढू लागतं. त्या हवेत युरेनियम-रेडियमच्या ऱ्हासातून तयार झालेला रेडॉन असतो. ओढच असल्यामुळे बारीक फटही पुरते. म्हणून शीटच्या जाडीवर फार डोकं खपवू नका. ब्रिटनमध्ये साधारण ३०० मायक्रॉनची पॉलिथिन शीट वापरतात, अमेरिकेत १५० मायक्रॉनचीही चालते. जाड घ्या, कारण तिच्यावर माणसं चालणार आहेत.

खरी मेहनत सांध्यांवर. एका शीटवर दुसरी ३०० मिमी तरी चढवा, दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा, मध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्युटाईल (रबरी) टेप लावून रोलरने दाबा. धुळीवर किंवा दवावर लावलेली टेप संध्याकाळपर्यंत सुटते. शीट भिंतीच्या आतल्या कडेला संपवू नका. भिंतीच्या पूर्ण जाडीतून नेऊन डीपीसीशी (भिंतीतून ओल वर चढू न देणारा थर) जोडा, कारण स्लॅब आणि भिंत यांच्यामधली फट हाच रेडॉनचा आवडता रस्ता.

पाइपांचं प्लंबरशी आधीच बोलून घ्या. चार पाइप एकाच भोकातून जुडी करून वर काढले तर त्यांच्यामधली जागा कुणालाही नीट बंद करता येत नाही. प्रत्येक पाइप वेगळा, सभोवती हात फिरेल इतकी जागा, आणि त्याला स्वतःची तयार कॉलर, म्हणजे पाइपाभोवती बसून शीटला चिकटणारी कडी.

शीट सगळ्यात जास्त फाटते ती घातल्यानंतर. सळईची टोकं, बाइंडिंग वायरचे तुकडे, कव्हर ब्लॉकच्या धारदार कडा, ढकलगाडीचं चाक. काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी स्वतः फिरून बघा. भोक दिसलं तर चारी बाजूंनी १५० मिमी पुढे येईल असा तुकडा चिकटवा. फोटो काढून ठेवा, नंतर ते दिसणार नाही.

आता शीटइतकीच महत्त्वाची गोष्ट: शीटखाली कच नसलेल्या स्वच्छ खडीचा १०० मिमी थर द्या. खडीची टोकं शीटला लागू नयेत म्हणून वर जिओटेक्स्टाईल कापड. पुढे गरज पडली तर शीटखालचा वायू ओढून काढता यावा म्हणून त्या खडीत छिद्रांचा पाइप टाकून त्याचं टोक बाहेर काढा आणि झाकण लावा, किंवा सरळ छताच्या वर न्या. आज हा खर्च किरकोळ आहे, स्लॅब पडल्यावर कोअर कटिंग, म्हणजे मशीनने काँक्रीट भोसकणं आलं. पाइपावर ठळक अक्षरात ‘रेडॉन’ लिहा; नाहीतर पुढे कुणीतरी त्यात सिंकचं पाणी सोडेल!

राहायला गेल्यावर मोजणी कराच. बॅरियर घातला म्हणजे आकडा कमीच येईल असं नाही, आणि शेजारच्या घराचा आकडा तुमच्या कामाचा नाही. अल्फा ट्रॅक डिटेक्टर (रेडॉन मोजणारी छोटी डबी) तळमजल्यावरच्या बेडरूममध्ये किंवा हॉलमध्ये तीन महिने ठेवा. स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) आहे, ती शक्य नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ नये असं ती सांगते. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात.

आकडा जास्त आला तर त्या पाइपाला पंखा जोडा. पंखा राहत्या भागात बसवू नका, बाहेर किंवा माळ्यावर बसवा. पंख्यापुढचा पाइप दाबाखाली असतो. तो घरात गळला तर जमिनीतला वायू तुम्ही स्वतःच खोलीत सोडाल.