लेंटचे संकल्प आणि हळदीचा हंगाम

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ (लेंट) सुरू होतो त्या दिवशी, डायरीत लिहितो : राग नाही, चहाड्या नाहीत, पहाटे प्रार्थना, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला) वेळेवर, मोबाइल कमी. आठवडाभर जमतं. मग वजनात घोळ होतो, शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबासाठी) खोळंबतात आणि माझं तोंड सुटतं. हमालांना नाही नाही ते बोलतो. ईस्टरला उपासनेत खजील होऊन बसतो. मंडळी (आमचं चर्च) मला वडील, म्हणजे चर्चचा एक पुढारी, म्हणून निवडू पाहतेय. बायको म्हणते, “आधी घरी विचारा म्हणावं.” मी वाढतोय, की आहे तिथंच आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सलाम. वहिनी बरोबर बोलल्या. बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्याची पारख त्याच्या घरापासूनच सुरू होते. तेव्हा वडीलपदाला यंदा नम्रपणे नाही म्हणा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

आता कॅलेंडर पाहा. लेंट येतो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, आणि तुमच्या यार्डात हळदीची आवक वाढते तीही त्याच सुमाराला. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमवणाऱ्या दिवसांत तुम्ही एकदम पाच आघाड्या उघडता. चार सोडा. मोबाइलचं नंतर बघू. रागाची झळ दुसऱ्याला बसते, म्हणून तेवढा एक धरा.

संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात यासाठी एक साधी रीत घालून दिली. (ते कॅथलिक, आपण प्रॉटेस्टंट, चांगली रीत घ्यायला हरकत नसावी.) एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना तो आठवायचा, दुपारी आणि रात्री जेवणानंतर हिशेब घ्यायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके ओळीवर द्यायचे. घसरल्या क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

पण ठिपक्यावर भागत नाही. हमालाला सगळ्यांदेखत बोललात, तर माफीही सगळ्यांदेखत मागा, त्याच दिवशी. “तुम्ही संतापलेले असताना सूर्य मावळू नये,” असं इफिसकरांस पत्रात आहे. संध्याकाळी गुपचूप चहा पाजणं ही माफी नव्हे.

वाढीचं विचारलंत. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, त्यात धीराची अशी भर घालत प्रीतीपर्यंत जायला सांगितलंय. ज्याच्या नावाचं हे पत्र, तो येशूचा शिष्य पेत्र कसा होता? बागेत येशूला धरायला आलेल्यांपैकी मल्खाचा कान कापला, त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारलं. पेन्टेकॉस्टनंतरही (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतरही), अंत्युखिया शहरात, लोकांच्या भीतीनं परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) बांधवांच्या पंगतीतून उठला आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. प्रेषित झाल्यावरही घसरला. म्हणून “मी किती वेळा पडलो” एवढ्यावर वाढ जोखू नका. पडल्यापासून माफी मागेपर्यंत किती वेळ जातो तो बघा. पूर्वी आठवडा जायचा आणि आता संध्याकाळपर्यंत जमतं, तर तुम्ही वाढताय.

आणखी एक. ‘भर घाला’ हे पाचव्या वचनात येतं. जीवनाला व सुभक्तीला लागणारं सगळं देवाच्या सामर्थ्यानं दिलंय, हे तिसऱ्यातच सांगून झालेलं असतं. तुम्ही थेट पाचव्यावर उडी मारता आणि स्वतःच्या जोरावर ओढत बसता, म्हणून आठवड्यात दम लागतो.

पहाटेची प्रार्थना हंगामात हुकत असेल तर जिवाला लावून घेऊ नका. दुकान उघडण्याआधी गाडीवर बसूनच दोन मिनिटं काढा आणि आज ज्यांच्याशी गाठ पडणार त्या हमालांची, तोलारांची एकेक नावं घेऊन प्रार्थना करा. नावं माहीत नसतील तर उद्या आधी ती विचारून घ्या.