पाच गावं, एक आगगाडी आणि सासूबाईंचे गुडघे

(वाचकांचे प्रवासविषयक प्रश्न. या वेळी इटलीच्या किनाऱ्याबद्दल बरीच पत्रं आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. यजमानांची नोकरी गोदीशी संबंधित, त्यामुळे काही वर्षं आमचा संसार जेनोआत होता. लिगुरियाचा, म्हणजे जेनोआ ज्या प्रांतात येतं त्याचा, किनारा म्हटला की माझं पारडं एका बाजूला झुकतं, हे आधीच सांगून ठेवते.)

प्रश्न : मे अखेरीस आम्ही इटलीला जातोय. रोम झाल्यावर किनाऱ्यासाठी पाच रात्री आहेत. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा (त्याला बस लागते) आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण "मला हॉटेलात बसवून जायचं नाही" असं त्यांनी बजावलंय. नवऱ्याचा बेत असा : दोन रात्री अमाल्फी, एक पोर्तोफिनो, दोन चिंक्वे तेर्रे. जमेल का? — एक वाचक, डोंबिवली

जमेल, पण ती सुट्टी होणार नाही, बॅगांची ने-आण होईल. अमाल्फी रोमच्या खाली दक्षिणेला, पोर्तोफिनो आणि चिंक्वे तेर्रे (समुद्राकाठची पाच गावं) पार वर उत्तरेला, लिगुरियात. एकीकडून दुसरीकडे जाण्यात मुलांचा अख्खा दिवस आगगाडीत जाईल. शिवाय पाच रात्रींत तीन हॉटेलं. प्रत्येक ठिकाणी खोली दुपारनंतर ताब्यात मिळणार आणि सकाळी सोडायची. मधल्या वेळात सासूबाईंनी पाठ टेकायची कुठे?

अमाल्फी सुंदर नाही असं कोण म्हणेल? पण तिथला रस्ता डोंगराच्या कडेने वळणं घेत जातो, उन्हाळ्यात बसला गर्दी असते आणि उभ्याने जायची वेळ येते. ज्या मुलाला कसारा घाटात पिशवी धरावी लागते, त्याला तिथे नेऊ नका. पोझितानो तर जिन्यांचंच गाव. अमाल्फी या खेपेला सोडा. पोर्तोफिनोही सोडा. तो छोटासा धक्का, रंगीत घरं आणि महागडी कॉफी. त्यासाठी एक रात्र घालवण्यात अर्थ नाही.

पाचही रात्री एकाच गावात काढा. माझं मत लेवांतोला. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत हे मोडत नाही, त्यांच्या उत्तरेला अगदी लागून आहे. म्हणूनच खोल्या जरा रास्त भावात मिळतात. गाव बरंचसं सपाट, किनारा वाळू आणि गोट्यांचा. इथून ला स्पेत्सियापर्यंत जी लोकल धावते, ती वाटेत पाचही गावांना थांबते. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. एका गावातून पुढच्या गावी जायला थोडीच मिनिटं लागतात. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. बुकिंग करताना दोनच गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का आणि स्टेशनपासून किती अंतर. "समुद्राचं दृश्य" असं लिहिलेलं असलं, की पायऱ्या किती ते आधी विचारायचं.

आता गावं गुडघ्यांच्या हिशेबाने सांगते. मोंतेरोस्सोचं स्टेशन थेट किनाऱ्यावर आहे. जिना उतरलात की समोर पाणी. पाचांत खरी वाळूची चौपाटी काय ती इथेच. जुनं गाव एका छोट्या बोगद्यापलीकडे, रस्ता सपाट. सासूबाईंचा पहिला दिवस इथे. वेर्नात्साला स्टेशनमधून बाहेर पडलं की तोच गावाचा मुख्य रस्ता, हळूहळू उतरत बंदरावरच्या चौकात जातो. तिथे बसायला जागा आहे आणि बघायला माणसं. मुलं धक्क्यावर खेकडे शोधतील. रिओमाज्जोरे आणि मानारोला चढउताराची, जपून. कोर्निल्या समुद्रापासून शंभरेक मीटर उंचीवर कड्यावर बसलंय आणि स्टेशन खाली रुळांजवळ. मधे पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. एक छोटी बस वर जाते, पण गर्दीच्या दिवसांत तिच्यासाठीही रांग. सासूबाईंना कोर्निल्या माफ. नवऱ्याला आणि मुलीला पायऱ्या मोजायला पाठवून द्या.

या लोकलची एक खोड. जवळजवळ सगळी वाट बोगद्यातून आहे. समुद्र दिसतो तो दोन बोगद्यांच्या मधे, क्षणभर, आणि डबाभर "आ" होतो. वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेला फलाट इतका आखूड की मागचे डबे बोगद्यातच उभे राहतात. दार उघडल्यावर समोर दगडी भिंत दिसली तर घाबरू नका, तेच स्टेशन आहे, उतरा. मुलाचा हात मात्र धरा, वाट अरुंद असते.

पायवाटांबद्दल. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही वाट सुमारे साडेतीन किलोमीटरची, पण दोन तास घेते, कारण निम्म्या पायऱ्या. नवऱ्याला हौस असेल तर त्याने सकाळी लवकर निघावं. तुम्ही बाकीचे आगगाडीने जाऊन वेर्नात्सात त्याची वाट बघा. चपला किंवा सपाता घालून या वाटांवर जायला राष्ट्रीय उद्यानाची मनाई आहे आणि दंडही होतो. वाटेत दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी बांधांवर द्राक्षांचे मळे दिसतील. एकेक टोपली पाठीवरून उतरवावी लागे, म्हणून तिथे एका रुळावरून चालणारी छोटी मालगाडी बसवली आहे. मुलाला ती दाखवा, तासभर दुसरं काही मागणार नाही. या बांधांमुळेच 1997 मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारशात घेतला. ते सांभाळणारी माणसं गावं सोडून गेली, बांध ढासळू लागले. 2011च्या ऑक्टोबरात एका दिवसाच्या पावसाने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत चिखलाचे लोंढे आले, माणसं गेली. म्हणून आज पावसाचा इशारा असला की वाटा बंद करतात. त्या दिवशी तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका.

सासूबाईंसाठी मात्र एक वाट आहे. रिओमाज्जोरे ते मानारोला, कड्यात कोरलेली, समुद्राच्या डोक्यावरून जाणारी. लांबी किलोमीटरच्या आतबाहेर, आणि जवळजवळ सपाट. व्हिया देल्लामोरे म्हणतात तिला. 2012 साली दरड कोसळली आणि ही वाट बारा वर्षं बंद राहिली. 2024मध्ये पुन्हा उघडली. आता वेळ ठरवून आधी नोंदणी करावी लागते आणि शुल्क वेगळं. सकाळची वेळ घ्या. बसत-थांबत गेलात तरी आरामात होते. त्यांना पाच गावांपैकी एक तरी "चालत" केल्याचं समाधान मिळेल, आणि ते पुढची दहा वर्षं डोंबिवलीत ऐकायला मिळेल.

तिकिटासाठी चिंक्वे तेर्रे कार्डाचा आगगाडीवाला प्रकार घ्या. लेवांतो ते ला स्पेत्सिया दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा, गावातल्या बस आणि स्टेशनवरची स्वच्छतागृहंही त्यात येतात. वयस्कर माणूस आणि लहान मूल सोबत असताना या शेवटच्या गोष्टीचं मोल मला सांगायला नको. दर गर्दीच्या दिवसांप्रमाणे बदलतो. एकाच गावात जाऊन दिवस काढणार असाल तर सुटं तिकीट परवडतं का ते बघा.

दिवसाची आखणी उलटी करा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात मोठ्या प्रवासी जहाजांतून उतरलेले जथे गावांत असतात. तेव्हा तुम्ही लेवांतोत राहा. जेवा, झोपा, पोरांना पाण्यात सोडा. चारनंतर निघा. मे अखेरीस अंधार पडायला नऊ वाजतात, वेळच वेळ. आणि 2 जून हा तिथला प्रजासत्ताक दिन. त्याला जोडून इटालियन मंडळीही किनाऱ्यावर येतात, तेव्हा तारखा शक्य असतील तर दोन-तीन दिवस अलीकडे घ्या.

समुद्र मेमध्ये गार असतो. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्या मुलांना पहिल्या पावलाला किंचाळायला होईल. गोट्यांसाठी रबरी बूट घ्या. किनाऱ्यावर रांगेत लावलेल्या छत्र्या आणि खुर्च्या भाड्याच्या असतात. फुकटची चौपाटी हवी तर "स्पियाज्जा लिबेरा" अशी पाटी शोधा.

एक दिवस मोकळा ठेवा. लेवांतोहून बोनास्सोला आणि फ्रामुराकडे जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून सायकलचा रस्ता केलाय. सपाट, गार, मधेच समुद्राकडे उघडणारा. सायकली भाड्याने मिळतात. आणि जमल्यास एक बोट : मोंतेरोस्सोहून पोर्तोव्हेनेरेपर्यंत. ती कोर्निल्याला लागत नाही. बोटीत चढायची फळी अरुंद असते आणि लाटांवर हलते, सासूबाईंना दोघांनी दोन्हीकडून धरायचं. समुद्र खवळला तर बोट रद्द, तेव्हा त्या दिवसाचा दुसरा बेत तयार हवा.

परतीचं विमान रोमऐवजी मिलानहून घ्या. लेवांतोहून मिलानला आगगाडी साधारण तीन तासांत पोचवते, उगाच मागे फिरायला नको.

प्रश्न : आगगाडीच्या भानगडीपेक्षा गाडी भाड्याने घेतलेली बरी नाही का? आम्ही मुंबई-गोवा स्वतः चालवत जातो. — एक वाचक, कोल्हापूर

मुंबई-गोवा चालवणाऱ्याला रस्त्याची भीती नाही, हे मान्य. भीती कॅमेऱ्याची आहे. इटलीतल्या बऱ्याच जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. पाटी नजरेतून निसटली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी तुमच्या दारात येते. वर गाडी देणारा आपला आकार वेगळा लावतो. चिंक्वे तेर्रेच्या गावांत गाडी आत जातच नाही, आणि बाहेर ठेवायला जागा मिळवणं हाच दिवसाचा कार्यक्रम होतो. अमाल्फीच्या रस्त्यावर तर मोसमात नंबरच्या सम-विषम आकड्याप्रमाणे गाड्या सोडतात. तस्कनीच्या आतल्या गावांना जाणार असाल तर गाडी जरूर घ्या. तेव्हा आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, नुसतं आपलं लायसन्स चालत नाही.

आगगाडीला एकच जपायचं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड. आणि संप. तिथे संप आधी जाहीर होतो. त्या दिवशीसुद्धा कामाच्या दिवसांत सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत स्थानिक गाड्या चालवणं बंधनकारक आहे, त्या वेळा धरून हलायचं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आई अंडंही खात नाहीत. इटलीत नुसत्या पिझ्झावर दिवस काढायचे का? आंबे आणि तूप सोबत नेता येईल का? — एक वाचक, सांगली

लिगुरियात उपाशी राहणार नाही. बेकरीत मिळणारी "फोकाच्या", म्हणजे तेल लावून भाजलेला चपटा पाव, ही मुलांसाठी दिवसभराची सोय आहे, वजनावर कापून देतात. आईंना फारिनाता शोधून द्या. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, एवढंच. तांब्याच्या रुंद परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत आणि आत मऊ. आपल्या बेसनाच्या धिरड्याची चुलत बहीण म्हणा. गरम असतानाच खायची. पेस्तो (बेसिलच्या पानांची हिरवी चटणी) घातलेला त्रोफ्ये पास्ता बटाटा आणि फरसबी घालूनही करतात. पेस्तोत लसूण आणि चीज असतं. तिथलं जुन्या पद्धतीचं चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, हे आईंना चालतं का ते घरीच ठरवून निघा. ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं, सुक्यात सहसा नसतं. मोंतेरोस्सो अँचोवीसाठी प्रसिद्ध, आणि ही मासळी तुम्हाला नको तिथे, सॅलडात आणि सॉसमध्ये, विरघळून बसलेली असते. तेव्हा "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा" एवढं पाठ करा : मांस नको, मासे नको, अंडी नकोत. दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती सातला उघडतात. मुलांना पाच वाजता भूक लागणार, पिशवीत फोकाच्या ठेवा. बिलात माणशी "कोपेर्तो" (टेबलावर बसल्याचा आकार) लावतात, ती फसवणूक नाही, रीत आहे.

आता आंबे आणि तूप. दोन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायची मनाई आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळंच. हापूसला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तो पेटीवाल्याकडे नसतो. आंबे जायच्या आधी खाऊन घ्या. मेतकूट, भाजणी, लोणचं, तांदूळ आणि मूगडाळ बिनघोर न्या. फक्त लोणच्याची बाटली सामानाच्या बॅगेत.

प्रश्न : व्हिसाला किती आधी लागायचं? — एक वाचक, नागपूर

निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीत उरका, कारण एप्रिलमध्ये भेटीच्या वेळा मिळत नाहीत. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना नाही. अर्जकेंद्राची फी वेगळी. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा. युरोपात एकाहून जास्त देश फिरणार असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाच्या व्हिसाचा अर्ज. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. साताऱ्याहून आई-बाबा येतायत आणि मुलांच्या सुट्ट्या ऑगस्टातच. तेव्हा इटलीचा किनारा बरा का? — एक वाचक, जर्मनी

आई-बाबांसाठी नाही. 15 ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली समुद्राकडे निघते, ऊन भाजून काढतं आणि जायचंच असेल तर छत्री आणि खुर्चीसुद्धा आधी राखून ठेवावी लागते. दुसरी तारीख नसेलच, तर चिंक्वे तेर्रेच्या नादाला न लागता सेस्त्री लेवान्ते बघा. दोन उपसागरांच्या मधे अडकलेलं गाव, रस्ते सपाट, मोठ्या आगगाड्या थांबतात. परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन इथे राहिला होता, त्याच्या आठवणीसाठी एका उपसागराला परीकथांचा उपसागर असं नाव दिलंय, मुलांना सांगायला बरं. पंधरा तारखेनंतरचा शेवटचा आठवडा मिळाला तर तोच घ्या, आणि खोलीत वातानुकूलन आहे का, ते लेखी विचारून घ्या.